सॅटर्नाइन : शनीचा, शिशाचा की नुसताच उदास?

शब्दवेल्हाळ
गेले चार दिवस एका विशेषणापाशी अडून बसले आहे. एका जुन्या इंग्रजी सागरकथेचा अनुवाद करतेय, फक्त स्वतःच्या हौसेसाठी. त्यात सराईच्या दारात एक उंच माणूस येऊन उभा राहतो. टोपी काढत नाही, कुणाला रामराम नाही, काही नाही. लेखक त्याच्या चेहऱ्याला एकच विशेषण लावतो : सॅटर्नाइन.

कोश उघडला तर उदास, खिन्न, दुर्मुखलेला. मी लिहिलं, 'त्याचा चेहरा उदास होता.' आणि सगळा प्रसंगच मेला. हा माणूस उदास नाही हो! पुढच्याच पानावर तो शांतपणे हिशेबाची वही मागतो आणि खोलीतल्या सगळ्यांची बोलती बंद होते. उदास माणसाला पाहून आपण 'काय झालं?' विचारतो. याला पाहून कुणी काही विचारणार नाही.

मला एवढं कळलंय की शब्द सॅटर्नपासून, म्हणजे शनीपासून आला. लॅटिनमधलं रूप सॅटर्निनस, तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत. पंधराव्या शतकापासून तो इंग्रजीत सापडतो. पण शनीचा आणि चेहऱ्याचा संबंध नेमका कसा जुळला, आणि मराठीत याला काय म्हणायचं, हे दोन्ही हवं आहे. जाणकारांनी लिहावं.

ग्रहगोल
छान धागा. हा शब्द एकटा घेतला तर कळत नाही, त्याच्या भावंडांबरोबर बघावा लागतो. जोव्हियल म्हणजे गुरूच्या, जोव्हच्या प्रभावाखालचा : हसरा, दिलखुलास. मर्क्युरियल बुधाचा : चपळ, क्षणात एक क्षणात दुसरा. मार्शल मंगळाचा. लुनॅटिक चंद्राचा. हे सगळे शब्द एकाच कारखान्यातून निघालेत.

तो कारखाना म्हणजे युरोपातलं मध्ययुगीन वैद्यक. शरीरात चार द्रव आहेत अशी समजूत होती : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. प्रत्येकाला उष्ण-शीत आणि कोरडं-ओलं असे गुण होते. काळं पित्त शीत आणि कोरडं. आता आकाशात बघा. तेव्हा माहीत असलेल्या ग्रहांत सर्वात लांबचा शनी. सूर्यापासून दूर म्हणून थंड, आणि स्वभावानं कोरडा. दोघांचे गुण तंतोतंत जुळले आणि काळं पित्त शनीच्या खात्यात गेलं. ग्रीकमध्ये काळं म्हणजे मेलास आणि पित्त म्हणजे खोले, त्यातूनच मेलँकली.

पण मुद्दा असा की गुण थंड आणि कोरडा होता. दुःखी नव्हे. रडणारा माणूस ओला असतो! सॅटर्नाइन माणूस रडत नाही. तो थिजलेला असतो. म्हणून तुमचं 'उदास' तिथे बसत नाहीये.

अजून एक. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. दुर्बिणीशिवाय दिसणाऱ्या ग्रहांत इतका संथ दुसरा नाही. म्हणून शब्दाच्या जुन्या अर्थांत मंदपणाही आहे : उशिरा हलणारा, उशिरा बदलणारा. १७८१ साली विल्यम हर्शेलला युरेनस सापडेपर्यंत शनी हीच ग्रहमालेची वेस होती. वेशीवरच्या माणसाकडे गाव जसं बघतं, तसं त्याच्याकडे बघितलं गेलं.

निमूट वाचक
हा आणि सार्डोनिक एकच का? मी आजवर दोन्ही 'कुत्सित' असेच वाचत आलो.

ग्रहगोल
नाही. सार्डोनिकचा शनीशी काही संबंध नाही. होमरच्या ओडिसीत एक कडवट हास्य येतं, त्याचा ग्रीक शब्द पुढे सार्डिनिया बेटाशी जोडला गेला. तिथली एक विषारी वनस्पती खाल्ली की चेहरा आक्रसून हसल्यासारखा दिसतो आणि माणूस मरतो, अशी ती कथा. म्हणजे सार्डोनिकमध्ये ओठ हलतात. सॅटर्नाइनमध्ये चेहरा हलतच नाही.

पण तुमचा घोळ एकट्याचा नाही, निमूट. इंग्रजी लेखकांनी 'सॅटर्नाइन हसू' इतक्या वेळा लिहिलं की काही कोशांनी सॅटर्नाइनचा एक अर्थ सार्डोनिक असाही नोंदवला आहे. दोन शब्द आवाजाला जवळ असले की अर्थही एकमेकांत झिरपतो.

मोडीवाचक
शब्दवेल्हाळ ताई, मूळ अर्थ शोधायला लांब जायची गरज नाही. आपला 'शनी' हा शब्दच 'शनैः' शी जोडलेला. शनैः म्हणजे हळूहळू, शनैश्चर म्हणजे हळू चालणारा. संस्कृतात शनीचं एक नाव 'मंद', आणि दुसरं 'पंगु'. इंग्रजी सॅटर्नाइनमधला मंदपणा आपल्याकडे थेट नावातच बसलाय.

आता गंमत बघा. युरोपातल्या जुन्या चित्रांतही शनी म्हातारा आणि पुष्कळदा कुबडी घेतलेला दिसतो. आणि वराहमिहिर सहाव्या शतकात बृहज्जातकात ग्रहांची नावं देतो, त्यात शनीसाठी 'कोण' असा एक शब्द आहे. तो संस्कृत नाही. क्रोनॉस या ग्रीक देवाच्या नावाचं ते आपल्या जिभेवर बसलेलं रूप. रोमनांनी आपला सॅटर्न आणि ग्रीकांचा क्रोनॉस एकच मानले, म्हणजे 'कोण' आणि 'सॅटर्नाइन' हे एका घरचे नसले तरी सोयरे आहेत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

जुना जुळारी
मी ज्योतिष जाणत नाही, पण शिसं जाणतो. तीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवली. या शब्दाची दुसरी बाजू अजून कुणी काढली नाही म्हणून लिहितो.

किमयागारांनी सात ग्रहांना सात धातू वाटून दिले होते. सूर्याला सोनं, चंद्राला चांदी, बुधाला पारा, शुक्राला तांबं, मंगळाला लोखंड, गुरूला कथील आणि शनीला शिसं. त्यामुळे त्यांच्या कागदांत सॅटर्न लिहिलं की ग्रह समजायचा की धातू, हे संदर्भावरून ठरवायचं. शिशापासून बनणाऱ्या एका पांढऱ्या क्षाराला 'शनीची साखर' म्हणत. चवीला खरंच गोड, आणि जहर.

ताई, तुमच्या सराईतल्या माणसाचा चेहरा कसा असेल ते मी सांगतो. शिशाचा तुकडा चाकूने कापा. कापलेली बाजू निळसर चकाकते, अगदी चांदीसारखी. जरा वेळानं बघा, चकाकी गेलेली असते. वर राखाडी साय धरते. दुसरं, तो तुकडा फरशीवर टाका. लोखंड टाकलं तर खणकन वाजतं, तांब्याचा नाद घुमत राहतो. शिसं 'थप्प' करून बसतं. बसका आवाज, मागे नाद नाही. ज्याच्यावर प्रकाश टाकला तर परत येत नाही आणि ठोकलं तर आवाज परत येत नाही, असा चेहरा.

आमच्या खिळ्यांत शिसंच जास्त, बरोबर अँटिमनी आणि कथील. छापून झालं की खिळे सोडवून एकेक परत आपापल्या घरात टाकायचे. संध्याकाळी बोटांची टोकं काळी-करडी. आमचे फोरमन हात साबणानं दोनदा धुतल्याशिवाय कुणाला डबा उघडू द्यायचे नाहीत. तेव्हा राग यायचा.

पाऱ्याचा थेंब
जुळारी काका, तो आवाजाचा मुद्दा फार आवडला. पण एक शंका. सगळे म्हणतात शिसं जड म्हणून शनीला दिलं. पारा तर शिशापेक्षा जड आहे! शिशाची घनता ११.३, पाऱ्याची १३.५, सोन्याची १९.३. मग जडपणाच्या हिशेबात पारा शनीकडे जायला हवा होता. तो गेला बुधाकडे, कारण तो पळतो.

आणि खुद्द शनी ग्रह तर पाण्याहून हलका, घनता ०.६९ च्या आसपास. ग्रहमालेत सर्वात कमी. अर्थात हे जुन्यांना माहीत असायचं कारण नाही.

म्हणजे सॅटर्नाइनमधला जडपणा तराजूवरचा नाहीच. तो हलण्याचा, न हलण्याचा आहे. मर्क्युरियलच्या बरोबर उलट. अनुवादात 'जड चेहरा' लिहू नका, त्याने सुजलेला वाटेल.

शब्दवेल्हाळ
किती काय काय हाती लागतंय! काका, तुमचा 'थप्प' मी वहीत लिहून ठेवला आहे. पाऱ्याचा थेंब, 'जड' मी खरंच लिहिणार होते, वेळेवर वाचवलंत.

नाडीपरीक्षा
वैद्यकाकडून थोडी भर. फ्रेंचमध्ये शिशाच्या विषबाधेला आजही सॅतुर्निझ्म म्हणतात, स्पॅनिशमध्ये सातुर्निस्मो. इंग्रजी वैद्यकात शिशामुळे होणाऱ्या संधिरोगाला सॅटर्नाइन गाउट हे नाव अजून चालतं. एकोणिसाव्या शतकात आल्फ्रेड गॅरड या ब्रिटिश डॉक्टरांच्या लक्षात आलं की त्यांच्याकडे गाउट घेऊन येणाऱ्यांत नळकाम करणारे आणि रंगारी बरेच आहेत. दोघांचेही हात दिवसभर शिशात. प्लंबर हा शब्दच शिशाच्या लॅटिन नावावरून, प्लंबमवरून पडलाय.

आता लक्षणं बघा. चेहरा फिका, राखेसारखा. पोटात कळा, बद्धकोष्ठ. चिडचिड, झोप नाही, मन खचलेलं. हालचाल मंद. मनगट लुळं पडून हात खाली लोंबतो. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ येते, ती १८४० मध्ये हेन्री बर्टन यांनी वर्णन केली म्हणून बर्टनची रेघ. शनीच्या माणसाचं जे वर्णन ज्योतिषी करत आले, करडा, मंद, तिरसट, अबोल, ते शिशाच्या रोग्यावर जसंच्या तसं उतरतं. ग्रहाचा दोष नाही, धातूचा आहे. पण शब्दाने मात्र दोघांना एकत्र बांधून ठेवलं.

जुळारी काका, तुमच्या फोरमनांसाठी एक गोष्ट. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी, १७२४ मध्ये, लंडनच्या एका छापखान्यात कामाला होते. खिळे सोडवताना ओले होत, म्हणून खिळ्यांची पेटी शेकोटीपुढे तिरकी ठेवून वाळवायची तिथे रीत होती. थंडीत ऊबदार खिळे हाताला बरे वाटत. एका म्हाताऱ्या कामगाराने त्यांना हटकलं, असं करू नकोस, हात कायमचे जातील, आपल्यातल्या दोघांचे जवळजवळ गेलेच आहेत. फ्रँकलिननी हे १७८६ साली एका मित्राला पत्रात लिहून कळवलं. म्हणजे बासष्ट वर्षांनीही त्यांना तो म्हातारा आठवत होता.

जुना जुळारी
डॉक्टर, हे वाचून थोडा वेळ स्वस्थ बसलो. आमच्याकडे एक जण होता, ओतकामावर. वितळलेल्या शिशाच्या भांड्यापाशी दिवसभर. पुढेपुढे त्याच्या उजव्या हातातून पेला सुटायला लागला. बोलणं आधीच कमी, ते बंदच झालं. आम्ही त्याला 'घुम्या' म्हणायचो. आम्हाला वाटायचं स्वभावच तसा. आज तुमची लक्षणांची यादी वाचताना तोच डोळ्यांपुढे आला. त्याला त्या नावानं हाक मारायला नको होती.

नाडीपरीक्षा
काका, तेव्हा कुणाला कळणार होतं. तुमच्या फोरमनांनी तुम्हाला हात धुवायला लावले, त्याचं मोल मोठं आहे.

तृतीयपुरुष
लॅटिनच्या अंगाने एक मोठा विरोध सांगायचा राहिला. रोमनांचा मूळ सॅटर्न असा सुतकी नव्हताच! तो शेतीचा, पेरणीचा देव. त्याच्या राज्यात सुवर्णयुग होतं, असं त्यांचे कवी सांगतात. त्याचा सण सॅटर्नेलिया, १७ डिसेंबरला सुरू व्हायचा आणि पुढे तो आठवडाभर लांबला. कामं बंद, जुगाराला मुभा, मालक-गुलाम एका पंगतीला, काही घरांत मालकच गुलामांना वाढायचे. या देवाच्या नावावरून 'दुर्मुखलेला' असं विशेषण निघावं, याचं मला कायम नवल वाटतं.

त्याच्या मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीच्या दोऱ्यांनी बांधलेले असत आणि सणाच्या दिवशी ते सोडत. मोडीवाचकांनी 'पंगु' लिहिलं तेव्हा मला हेच आठवलं. दोन्हींचा संबंध आहे असं म्हणत नाही, पण पाय अडलेला देव इथेही आहे आणि तिथेही.

नावाच्या व्युत्पत्तीवर जुने रोमनही भांडलेत. व्हॅरोच्या मते पेरणे या अर्थाच्या सॅटस शब्दावरून. सिसेरो म्हणतो तो वर्षं गिळून तृप्त होतो, म्हणून तृप्त या अर्थाच्या सॅटरवरून. ऐकायला दोन्ही गोड, पण सॅटर्नसमधला पहिला स्वर दीर्घ आहे, 'सा', आणि या दोन्ही शब्दांत तो ऱ्हस्व. तिथेच घोडं अडतं. हे नाव मुळात एट्रुस्कन असावं असंही काही अभ्यासक मानतात.

मग चेहरा पडला केव्हा? क्रोनॉसशी जोडला गेला तेव्हा. क्रोनॉस आपलीच पोरं गिळणारा. त्यात क्रोनॉस आणि काळ या अर्थाचा ख्रोनॉस, दोन्ही नावं उच्चारात एकमेकांना खेटून, म्हणून पेरणीच्या देवाच्या हातातला विळा काळपुरुषाचा झाला. वरून ग्रहाची थंडी. बिचारा शेतकरी देव तीन बाजूंनी काळवंडला. विशेषण निघालं ते ग्रहावरून, देवावरून नाही, हे लक्षात ठेवलं की कोडं सुटतं.

रेघोट्या
मी चित्रकलेची विद्यार्थिनी. आल्ब्रेख्ट ड्यूररचं १५१४ सालचं 'मेलँकोलिया १' हे ताम्रपटावरचं कोरीवकाम कुणी जवळून पाहिलंय का? पंख असलेली बाई, गाल मुठीवर टेकलेला, दुसऱ्या हातात कंपास, पण काम थांबलेलं. आजूबाजूला हत्यारं विखुरलेली, पायाशी मुटकुळं केलेला कुत्रा. तिचा चेहरा सावलीत आहे, काळोखा. डोळे मात्र टक्क उघडे.

ताई, ही बाई दुःखी नाही. ती विचारात रुतली आहे. मला सॅटर्नाइन म्हणजे काय ते कोशापेक्षा या चेहऱ्यावरून कळलं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत मार्सिलिओ फिचिनो या तत्त्वज्ञाने ही कल्पना उचलून धरली होती की शनीची माणसं मंद असतील, पण खोल विचार करणारीही तीच. त्याच्या स्वतःच्या कुंडलीत शनी ठाण मांडून होता आणि तो त्याबद्दल कुरकुरायचाही. बाईच्या डोक्यावर भिंतीत चार बाय चारचा जादूचा चौरस आहे, कुठूनही बेरीज ३४. तो गुरूचा चौरस. शनीचा भार हलका करायला गुरूचा उतारा, असा त्याचा अर्थ लावतात. खालच्या ओळीत मधोमध १५ आणि १४, म्हणजे चित्राचं साल.

शब्दवेल्हाळ
रेघोट्या, चित्र मोठं करून पाहिलं. 'सावलीतला चेहरा आणि टक्क उघडे डोळे', माझा माणूस हाच.

आता मराठी शब्दावर येऊ या का? माझ्या वहीत सध्या हे आहेत : सुतकी, घुमा, मख्ख, शिसवी, झाकोळलेला. 'घुमा' मात्र काकांचं वाचल्यावर लिहावासा वाटत नाही.

मोडीवाचक
शिसवी नको. मोह होतो खरा, शिसं त्यात दिसतं म्हणून. पण शिसवी आला शिसव या झाडावरून, धातूवरून नाही. आणि शिसवी काळा म्हटलं की तुकतुकीत, घोटीव रंग डोळ्यांपुढे येतो. काकांचं शिसं तर चकाकी गिळतं.

पाऱ्याचा थेंब
मख्ख पण नको. मख्ख माणसाच्या आत काही चाललेलं नसतं. याच्या आत बरंच चाललंय.

निमूट वाचक
सुतकी बरा वाटतो.

तृतीयपुरुष
सुतकी म्हणजे कुणीतरी गेलंय. पुन्हा दुःखच आलं. शिवाय वाचक विचारेल, कोण गेलं?

ग्रहगोल
'झाकोळलेला' मध्ये ढग तात्पुरता आहे, येतो आणि जातो. सॅटर्नाइन हा त्या दिवसाचा मूड नव्हे, जन्माचा पिंड आहे. तेवढं सांभाळा.

जुना जुळारी
कुंद?

हवा कुंद असते तेव्हा ऊन नाही, पाऊस नाही, पान हलत नाही, आणि आपण उगाच हळू आवाजात बोलायला लागतो. तसा चेहरा.

रेघोट्या
काका!! कुंद. हाच.

मोडीवाचक
हवेचं विशेषण चेहऱ्याला लावलं की वाचक क्षणभर थांबेल, आणि थांबायलाच हवं. इंग्रजी वाचकही सॅटर्नाइनपाशी थबकतोच, तो काही रोजच्या बोलण्यातला शब्द नाही. फक्त एक, कुंद नावाचं पांढरं फूलही आहे. 'कुंद चेहरा' एवढंच लिहिलं तर कुणाला कुंदकळ्या आठवतील. जोडीला एखादा काळोखा शब्द हवा.

शब्दवेल्हाळ
आज सकाळी बसले आणि वाक्य असं झालं :

'दारात एक उंच माणूस येऊन थांबला. टोपी त्याने काढली नाही. चेहरा सावळा, आभाळ भरून यावं आणि वारा पडावा तसा कुंद. फक्त डोळे जागे होते.'

मुळात एक शब्द होता, माझे बारा-पंधरा झाले. पण मोठ्याने वाचून पाहिलं तेव्हा खोली खरंच गप्प झाल्यासारखी वाटली. 'डोळे जागे' हे रेघोट्यांचं. 'कुंद' काकांचं.

ग्रहगोल
'वारा पडावा' ठेवाच. शनीची थंडी नाही आली, पण थिजणं आलं.

जुना जुळारी
ताई, 'फक्त' काढून बघा. 'डोळे जागे होते.' एवढंच. थप्प.

शब्दवेल्हाळ
काढला.